बारावीला टक्के कमी पडले तरी एमबीबीएस: पुण्यातल्या मुलांसाठी हिशेब आणि वाट

एमबीबीएसच्या प्रवेशात बारावीचे गुण लागतात ते फक्त उंबरठा ओलांडण्यापुरते. एकदा उंबरठा ओलांडला की 52 टक्केवाला आणि 92 टक्केवाला एकाच रांगेत उभे राहतात, आणि ती रांग लागते नीट या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेच्या गुणांवर. गुणवत्ता यादीत बारावीचा एकही गुण मिळवला जात नाही. बीएस्सी किंवा बीफार्म करून मेडिकलकडे वळणाऱ्यांनाही हेच लागू आहे. पदवीचा सीजीपीए साडेपाच असला काय किंवा नऊ असला काय, यादीतली जागा त्यावर ठरत नाही. अमेरिकेत पदवीची सरासरी आणि तिकडची प्रवेश परीक्षा एमकॅट दोन्ही तोलतात, म्हणून तिकडच्या नातेवाइकांचे सल्ले इथे लावू नका.

आधी गुणपत्रिका काढा आणि बेरीज करा

एकूण टक्के विसरा. फक्त फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोलॉजीचे गुण घ्या. राज्य मंडळाच्या बारावीला प्रत्येक विषय 100 गुणांचा असतो, 70 लेखी आणि 30 प्रात्यक्षिक. तिन्ही मिळून 300. खुल्या वर्गाला आणि ईडब्ल्यूएसला (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) यातले 150 हवेत, राज्यातल्या मागासवर्गीय प्रवर्गांना 120. खुल्या वर्गातल्या दिव्यांगांसाठी अट 45 टक्के, म्हणजे 135. इंग्रजीत पास असणं सक्तीचं आहे, पण त्याचे गुण या बेरजेत येत नाहीत.

इथे दोन गफलती नेहमी होतात. पहिली ईडब्ल्यूएसची. दाखला हातात आहे म्हणून 40 टक्क्यांची सवलत मिळेल असं घरचे धरून चालतात. ती मिळत नाही, ईडब्ल्यूएसला 50 टक्केच लागतात. दुसरी, प्रत्येक विषयात 50 हवेत असा समज. फिजिक्स 41, केमिस्ट्री 47, बायोलॉजी 66 असतील तर बेरीज 154 होते आणि मूल पात्र ठरतं. मात्र 149 म्हणजे 49.67 टक्के. ते 50 धरत नाहीत.

वानवडीच्या एएफएमसीचा, म्हणजे सैन्यदलाच्या वैद्यकीय महाविद्यालयाचा, उंबरठा वेगळा आणि बराच उंच आहे. तिथे तिन्ही विषय मिळून 60 टक्के, प्रत्येकात किमान 50, इंग्रजीतही 50, आणि तेही पहिल्याच प्रयत्नात लागतात. बारावी कमी असेल तर हा एक दरवाजा बंद आहे हे आत्ताच मान्य करा. तिथल्या पसंतीक्रमाची स्वप्नं पाहण्यात वर्ष घालवू नका.

बेरीज 150 च्या आत असेल तर

फरक दोन-चार गुणांचाच असेल तर सगळ्यात आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा. पुनर्मूल्यांकनाचा अर्ज छायाप्रत घेतल्याशिवाय करता येत नाही. मुदतीही छोट्या असतात, म्हणून निकालाच्या आठवड्यातच हालचाल करायला हवी. ज्या विषयात गुण अपेक्षेपेक्षा फारच कमी वाटतात तोच निवडा आणि छायाप्रत त्या विषयाच्या शिक्षकांना दाखवा. न तपासलेला प्रश्न किंवा चुकलेली बेरीज सापडली तर अर्थ आहे. नाहीतर हा मार्ग सोडून द्या.

फरक मोठा असेल तर मंडळाची श्रेणीसुधार योजना आहे. पास झालेल्या विद्यार्थ्याला ठरावीक लगतच्या परीक्षांमध्ये पुन्हा बसता येतं आणि फॉर्म आपल्याच कनिष्ठ महाविद्यालयातून भरला जातो. या संधी मोजक्या आणि सलग असतात, म्हणून 'पुढच्या वर्षी बघू' म्हणणारा हात चोळत बसतो. नापास असाल तर पुरवणी परीक्षा आहेच.

पुरवणी परीक्षा द्यावी की फेब्रुवारीची वाट पाहावी? पुरवणी परीक्षा जून-जुलैत होते आणि निकाल जुलैअखेरीस किंवा ऑगस्टमध्ये लागतो. नेमकी तेव्हाच राज्यातले प्रवेश हाताळणाऱ्या सीईटी कक्षाची नोंदणी आणि कागदपत्र पडताळणी चालू असते. नीटला त्याच वर्षी चांगले गुण पडले असतील तर हा धोका पत्करण्यासारखा आहे. नीटही पुन्हा द्यायची असेल तर फेब्रुवारीची परीक्षा बरी. फेब्रुवारीत बारावी आणि मेच्या सुरुवातीला नीट, एकाच अभ्यासात दोन्ही बसतात.

लेखी परीक्षेत गुण कुठे जातात तेही बघा. 70 गुणांच्या फिजिक्स-केमिस्ट्रीच्या पेपरात विभाग 'अ' 18 गुणांचा असतो: दहा बहुपर्यायी आणि आठ एका गुणाचे. 'ब' मध्ये दोन गुणांचे आठ, 'क' मध्ये तीन गुणांचे आठ, 'ड' मध्ये चार गुणांचे तीन. म्हणजे 'अ', 'ब', 'क' मिळून 58 झाले. नीटची तयारी करणारी मुलं 'क' मध्ये मार खातात. उत्तर येत असतं, पण व्युत्पत्तीच्या पायऱ्या, एकक आणि आकृती लिहिलेली नसते. आठवड्याला एक पेपर वेळ लावून हाताने लिहिला की हे सुधारतं. त्यासाठी वेगळा क्लास लागत नाही, अप्पा बळवंत चौकात मिळणारे जुन्या प्रश्नपत्रिकांचे संच पुरतात.

ज्यांनी बारावीला बायोलॉजी घेतलंच नव्हतं त्यांच्यासाठीही वाट आहे. मान्यताप्राप्त मंडळाकडून बारावीनंतर बायोलॉजी किंवा बायोटेक्नॉलॉजी अतिरिक्त विषय म्हणून पास झालेल्यांना राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर 2023 मध्ये पात्र ठरवलं. पण परराज्यातल्या केंद्रावरून बारावी 'करून देतो' म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. महाराष्ट्राच्या 85 टक्के कोट्यासाठी अधिवास तर लागतोच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या संस्थेतून लागतात. टक्के वाढवण्याच्या नादात राज्याचा कोटा गेला तर कमावल्यापेक्षा गमावलंच जास्त.

खरं वजन नीटवर

नीटसाठी वरची वयोमर्यादा नाही आणि किती वेळा द्यायची यावर बंधनही नाही. 31 डिसेंबरपर्यंत 17 पूर्ण हवीत, एवढंच. 2025 पासून पेपर 180 प्रश्न, 180 मिनिटं, 720 गुण असा आहे: फिजिक्स 45, केमिस्ट्री 45, बायोलॉजी 90. बरोबर उत्तराला 4, चुकलं की 1 वजा. मराठीतूनही पेपर घेता येतो, पण भाषांतरात संदिग्धता असेल तर इंग्रजी मजकूर अंतिम धरतात. म्हणून मराठी माध्यमाच्या मुलांनी दोन्ही भाषांतल्या संज्ञा ओळखीच्या करून ठेवायच्या.

पात्र होणं आणि प्रवेश मिळणं यांत फार अंतर आहे. पात्रतेसाठी खुल्या वर्गाला 50 पर्सेंटाइल लागतं, म्हणजे परीक्षा दिलेल्या निम्म्या मुलांच्या पुढे असणं, आणि ते 50 टक्के नव्हे. 2025 मध्ये ती रेषा 144 गुणांवर होती. 144 वर सरकारी जागा मिळत नाही. शिवाय वर्षावर्षांचे गुण एकमेकांशी ताडून उपयोग नाही. 2024 ला पहिल्या क्रमांकावर 720 गुण होते आणि 2025 ला 686. जुन्या याद्या चाळताना गुणांऐवजी अखिल भारतीय रँक बघा, तीही तुमच्या प्रवर्गाची आणि राज्य कोट्याच्या शेवटच्या फेरीची.

बारावीला कमी पडलेल्या मुलाने सुरुवात बायोलॉजीपासून करावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. निम्मे गुण, म्हणजे 360, तिथे आहेत आणि एनसीईआरटीच्या ओळीओळीतून प्रश्न येतात. राज्य मंडळाचं पुस्तक बोर्डासाठी आणि एनसीईआरटी नीटसाठी, दोन्ही शेजारी ठेवून एकेक प्रकरण संपवा. बायोलॉजी 300, केमिस्ट्री 110, फिजिक्स 80 असा अंदाज धरला तर 490 होतात. कच्चं फिजिक्स 80 वर नेणं म्हणजे 24 प्रश्न बरोबर आणि 16 चूक. पाच प्रश्न सोडलेले. हे आवाक्यातलं आहे.

निगेटिव्हची भीती मोजून बघा. डोळे मिटून चार प्रश्नांवर खूण केली तर सरासरीने एक बरोबर, तीन चूक: 4 वजा 3, हाती एक गुण. दोन पर्याय खात्रीने बाद करता आले तर चारांतले दोन बरोबर: 8 वजा 2, हाती सहा. म्हणजे दोन पर्याय बाद झाले की खूण करायची, एकही बाद होत नसेल तर त्यावर वेळ घालवायचा नाही. चुकांची वही करा आणि प्रत्येक चुकीपुढे लिहा: माहीत नव्हतं, घाईत वाचलं की गणित चुकलं. महिन्याभरात आपला मुख्य आजार कळतो.

सराव परीक्षा दुपारी 2 ते 5 याच वेळेत द्या, कारण खरी परीक्षा तेव्हाच असते. बायोलॉजी 50 मिनिटं, केमिस्ट्री 50, फिजिक्स 65, उरलेली 15 ओएमआर उत्तरपत्रिकेवर गोल भरण्यासाठी. गोल शेवटी एकदम भरू नका. दर पानानंतर भरा.

कागदपत्रं: इथे जागा हातची जाते

परीक्षा संपल्यावर मे महिन्यातच सेतू केंद्र किंवा आपले सरकारवरून कामाला लागा. वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर हे सगळं लागतं, आणि नॉन-क्रीमीलेअरवरची वैधतेची तारीख डोळ्यांनी तपासून घ्या. मधे वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. सगळ्यात वेळखाऊ म्हणजे जातवैधता. अकरावी-बारावीत असतानाच कॉलेजमार्फत अर्ज केलेला उत्तम. पुण्याच्या जिल्हा जात पडताळणी समितीचं काम विश्रांतवाडीच्या सामाजिक न्याय भवनातून चालतं. अनुसूचित जमातींची समिती वेगळी आहे.

केंद्राचे आणि राज्याचे दाखले वेगवेगळ्या नमुन्यांत असतात. ओबीसींनी केंद्राच्या नमुन्यातलाही काढून ठेवावा. मराठा समाजाचा एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) प्रवर्ग केंद्राच्या यादीत नाही, त्यामुळे नीटच्या फॉर्मवर खुला किंवा पात्र असल्यास ईडब्ल्यूएस भरावं लागतं. राज्याच्या नोंदणीत एसईबीसी दाखवता येतो.

दोन नोंदण्या, दोन्ही करा

सरकारी कॉलेजांच्या 15 टक्के अखिल भारतीय जागा आणि सर्व अभिमत विद्यापीठं एमसीसीकडे, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय समुपदेशन समितीकडे असतात. राज्य कोट्याच्या जागा राज्याच्या सीईटी कक्षाकडे. पुणे परिसरात बी. जे., बारामतीचं सरकारी कॉलेज, महापालिकेचं अटलबिहारी वाजपेयी कॉलेज, नऱ्ह्याचं काशीबाई नवले आणि तळेगावचं माईमर यांचे राज्य कोट्याचे प्रवेश सीईटी कक्षातून होतात. भारती विद्यापीठ, पिंपरीचं डी. वाय. पाटील आणि मुलींसाठीचं सिंबायोसिस एमसीसीतून. अभिमतसाठी एमसीसीकडे 2 लाखांची परत मिळणारी अनामत भरावी लागते, आणि भारती किंवा डी. वाय. पाटीलची वर्षाची फी 20 लाखांच्या वर जाते. ती परवडणार नसेल तर पसंतीक्रमात टाकू नका, कारण पुढच्या फेऱ्यांत मिळालेली जागा सोडली की अनामत जाते. शेवटच्या, उरलेल्या जागांच्या स्ट्रे फेरीतली जागा नाकारली तर पुढच्या नीटलाही बसता येत नाही.

पसंतीक्रम भरताना 'आपल्याला हे मिळणार नाही' म्हणून वरची नावं गाळू नका. वर लिहिल्याने खालची संधी कमी होत नाही. पुणेच हवं हा हट्ट मात्र सोडा. 70 टक्के जागा त्या-त्या विभागातल्या मुलांसाठी राखणारं 70:30 चं प्रादेशिक आरक्षण 2020 मध्ये गेलं, त्यामुळे आता पुण्याच्या मुलाला राज्यभरातल्या सरकारी कॉलेजांत सारखाच हक्क आहे. ती सगळी लिहा.

मॅनेजमेंट कोट्यातून 'नीटशिवाय' किंवा 'यादीबाहेर' जागा देतो म्हणणारा कोणीही असो, त्याला एक रुपयाही देऊ नका. अशी जागा अस्तित्वात नाही.

परदेशात जायचं तरी नीट पात्रता लागते. तो निकाल परदेशी प्रवेशासाठी तीन वर्षं चालतो. 2021 च्या नियमांप्रमाणे अभ्यासक्रम किमान 54 महिन्यांचा आणि इंग्रजीतून हवा, त्याच संस्थेत 12 महिन्यांची इंटर्नशिप हवी, आणि त्या देशात डॉक्टरकीची नोंदणी मिळण्याची पात्रता हवी. परत आल्यावर एफएमजीई या परदेशी पदवीधरांच्या परीक्षेत 300 पैकी 150 गुण मिळवावे लागतात आणि इथेही इंटर्नशिप करावी लागते. एजंटकडून या चारही अटींची लेखी उत्तरं घ्या, आणि पैसे भरण्याआधी ती त्या विद्यापीठाच्या स्वतःच्या कागदांशी ताडून बघा.