जुनी फोर बाय फोर घेताय? गाडीखाली आडवं झाल्याशिवाय टोकन देऊ नका

मे महिना लागला की माझा फोन वाजायला लागतो. "दादा, रविवारी एक थार बघायला येता का? फोटोत एकदम कडक दिसतेय." पावसाळा तोंडावर आलेला असतो, ताम्हिणीला नाहीतर भंडारदऱ्याला तंबू ठोकायचे बेत ठरलेले असतात आणि गाडी पंधरा दिवसांत दारात हवी असते. मी जातो. सोबत एक गोणपाट, बॅटरी, छोटी हातोडी, जॅक आणि चार लाकडी ठोकळे घेतो. घेणारा गाडीभोवती फिरून फोटो काढतो, टायरवर लाथ मारतो, गाणी लावून बघतो. गाडीखाली वाकून कोणी बघत नाही. दरवर्षी त्याच चुका, आणि मग सहा महिन्यांनी तीच गाडी पुन्हा विकायला काढलेली. म्हणून जुनी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद देता येणारी गाडी, कशी तपासायची हे एकदा सविस्तर लिहितोय.

दिवा लागला म्हणजे पुढची चाकं फिरली, असं समजणं

ही चूक मी स्वतः केलेली आहे आणि तिचा राग अजून गेलेला नाही.

२०१६ चा जुलै. चार वर्षं जुनी थार सीआरडीई (जुन्या थारचं एक मॉडेल) घेऊन मला जेमतेम तीन आठवडे झाले होते. घेताना विकणाऱ्याने लिव्हर फोर-हायमध्ये (चारही चाकांना ताकद, नेहमीच्या वेगाला) टाकून दाखवला, मीटरवर फोर-व्हीलचा दिवा लागला, गाडी डांबरी रस्त्यावर शंभर मीटर पुढे-मागे झाली. मी समाधानाने पैसे दिले. रतनवाडीहून साम्रदच्या बाजूला जाताना संध्याकाळी पाचच्या सुमारास भातखाचरांच्या कडेने उतरणाऱ्या एका गाडीवाटेवर वळलो. सोबत बायको आणि सात वर्षांची मुलगी. पाऊस धो धो. दोनशे पावलांवर गाडी गाळात बसली. फोर-हाय टाकला, दिवा लागला, रेस दिली. मागची चाकं चिखल उडवत खोल जात राहिली. फोर-लो (चारही चाकांना ताकद, पण सावकाश आणि जास्त जोराने) टाकला, तेच. उतरून पुढे जाऊन बघितलं तर पुढच्या टायरच्या खाचांत गवताची काडी होती तशीच अडकलेली. चाक इंचभरही फिरलं नव्हतं.

अंधार पडल्यावर गावातून ट्रॅक्टर आला. साखळी लावायला चालक गाडीखाली शिरला, बॅटरी मारली आणि आतूनच ओरडला, "दादा, हिला पुढचा शाफ्टच नाय!"

खरंच नव्हता. ट्रान्सफर केसपासून (इंजिनची ताकद पुढे-मागे वाटणारा डबा) पुढच्या डिफरेन्शियलपर्यंत (एक्सलच्या मधला, दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा गोळा) जाणारा प्रॉपेलर शाफ्ट कोणीतरी काढून ठेवला होता. त्याचे क्रॉस, म्हणजे टोकांचे सांधे, झिजून आवाज येत असणार. दुरुस्तीचा खर्च करण्यापेक्षा शाफ्ट काढला की आवाज बंद आणि टू-व्हीलवर गाडी उत्तम चालते. दिव्याचा स्विच ट्रान्सफर केसवर असतो. आतला काटा सरकला की तो दिवा लावतो. त्यापुढचा शाफ्ट, डिफरेन्शियल, एक्सल, हब (एक्सलला चाकाशी जोडणारा चाकाचा मधला भाग) यांचं काय चाललंय हे त्या दिव्याला कळत नाही. घेण्याआधी मी एक मिनिट गाडीखाली आडवा झालो असतो तर रिकामी जागा समोर दिसली असती.

तेव्हापासून मी एकच परीक्षा घेतो आणि ती झाल्याशिवाय किमतीचं बोलणंही करू देत नाही. सपाट जागा बघायची, मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावायचे, इंजिन बंद, पहिला गिअर, हँडब्रेक. पुढचं एकच चाक जॅकवर उचलायचं. टू-हायमध्ये (फक्त मागच्या चाकांना ताकद) ते हाताने फिरलं पाहिजे. मग फोर-हाय टाकायचा. आता चाक किंचित हलून घट्ट अडकलं पाहिजे. दुसरं चाक जमिनीवर आहे, शाफ्ट ट्रान्सफर केसमधून धरलेला आहे, त्यामुळे त्याला फिरायला वावच नाही. तरीही ते मोकळं फिरत असेल तर मधला एखादा दुवा तुटलेला, निघालेला किंवा लागतच नाही. दोन्ही बाजूंनी हे करा. हब आपोआप लागणारे असतील तर आधी मातीत फोर-हायवर दहा-वीस फूट गाडी पुढे न्या, रिव्हर्स न घेता थांबवा आणि मग जॅक लावा. बऱ्याच जिप्सींना पुढच्या हबवर हाताने फिरवायची चकती असते, फ्री आणि लॉक लिहिलेली. ती फ्रीवर ठेवून "गाडीचं फोर-व्हील गेलंय" म्हणत भाव पाडणारे जसे भेटतात, तशाच ती वर्षानुवर्षं न फिरवल्यामुळे गंजून बसलेल्या गाड्याही भेटतात. पकडीने नको, हाताने फिरली पाहिजे.

ही परीक्षा पास झाली की मातीच्या उतारावर फोर-लो, पहिला गिअर आणि पाय दोन्ही पेडलवरून बाजूला. गाडी इंजिनच्या जोरावर सावकाश उतरली पाहिजे. लिव्हर उडून न्यूट्रलला आला तर ट्रान्सफर केस उघडावी लागणार, हे धरूनच पुढचं बोला.

आणि कृपा करून फोर-हाय कोरड्या डांबरावर लावून वळणं घेऊ नका, विकणाऱ्यालाही घेऊ देऊ नका. थार, जिप्सी, जुनी स्कॉर्पिओ, गुरखा या सगळ्या पार्ट-टाइम पद्धतीच्या आहेत. पुढच्या आणि मागच्या एक्सलच्या मध्ये डिफरेन्शियल नाही. वळताना पुढची चाकं जास्त अंतर कापतात, मागची कमी, आणि डांबरावर टायर घसरू शकत नसल्याने तो सगळा पीळ शाफ्ट आणि ट्रान्सफर केसमध्ये साठतो. "पावसाळाभर फोर-हायवरच चालवतो, ग्रिप चांगली मिळते," असं अभिमानाने सांगणाऱ्या मालकाची गाडी मी घेऊ देत नाही.

मुळात गाडी फोर बाय फोर आहे का, हेही बघा. जानेवारी २०२३ पासून नवी थार टू-व्हील ड्राइव्हमध्येही मिळते आणि बाहेरून पटकन ओळखू येत नाही. जुन्या थार डीआयमध्येही टू-व्हीलचा प्रकार होता. मागचा 'फोर बाय फोर'चा स्टिकर बाजारात सहज मिळतो.

दुसऱ्याने सजवलेली गाडी घेणं

नवशिक्यांना हीच गाडी सगळ्यात आधी आवडते. उंच केलेली, रुंद टायर, लोखंडी बंपर, विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारी चरखी), छतावर दिव्यांची पट्टी. "दादा, दोन लाखांचं सामान फुकट मिळतंय." फुकट काही मिळत नाही. ते सामान बसवून त्या माणसाने गाडीकडून काय काय करून घेतलं, याची किंमत तुम्ही भरणार असता.

नाशिकच्या एका मुलाने मला न विचारता अशीच एक जुनी थार घेतली आणि नंतर दाखवायला आणली. पुढचा भाग छान उंच दिसत होता. आत डोकावलं तर स्प्रिंग, शॉक सगळं कंपनीचंच. जुन्या थार सीआरडीईला पुढे टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारे दांडे) आहेत. त्याचा बोल्ट पान्याने पिळला की पुढची बाजू दोन इंच वर येते, दहा मिनिटांचं काम. पण त्याने सस्पेन्शनला खाली जायला जागाच उरत नाही, प्रत्येक खड्ड्यात दणका बसतो, आणि एक्सलचा कोन इतका तिरका होतो की सीव्ही जॉइंटचे (पुढच्या चाकाला वळतानाही ताकद पोचवणारा सांधा) रबरी बूट फाटतात. त्याचं चाक आतून बघितलं तर रिमच्या आतल्या कडेवर काळ्या ग्रीसची गोल पट्टी उडालेली होती आणि तिच्यावर धूळ बसून सरसासारखा थर झाला होता. बोट लावलं तर वाळू हाताला लागली. ग्रीस बाहेर, वाळू आत. पुढच्याच महिन्यात स्टिअरिंग पूर्ण वळवून चढ घेताना जॉइंट तुटला.

मोठ्या टायरचंही तेच. त्या थारचे मूळ टायर २३५/७० आर १६. त्याहून बरेच मोठे घातले की गिअरिंग बिघडतं, क्लच लवकर जातो, ब्रेकवर ताण येतो, आणि मीटर खऱ्यापेक्षा कमी वेग आणि कमी किलोमीटर दाखवतो. म्हणजे वाचलेला आकडाही खोटा.

कायदाही ध्यानात घ्या. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर स्पष्ट सांगितलं, की कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार केलेल्या गाडीची नोंदणी होऊ शकत नाही. लोखंडी बुल बारविरुद्ध (पुढे लावायचा दांड्यांचा बंपर) कारवाई करायला केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलं होतं. नाव बदलायला आरटीओत गेल्यावर हे आठवून उपयोग नाही.

मी कंपनीच्या टायरवरची, ओरखडे पडलेली, साधी गाडी घेतो. विंच वगैरे मला लागलं तर मी बसवेन, आणि कसं बसवलंय हे मला माहीत असेल.

गंज आणि पाणी

अलिबाग, मुरूड, दिवेआगरच्या वाळूत गाडी पळवून खाली गोड्या पाण्याने न धुणारे मालक पुष्कळ आहेत. त्यांची गाडी वरून चकाचक असते. खाली नवाकोरा काळा लेप दिसला तर मला आनंद होत नाही, शंका येते. छोट्या हातोडीने चासीवर, पाट्यांच्या शॅकलजवळ (स्प्रिंगच्या पाट्या चासीला टांगणारा दुवा), बॉडी जिथे चासीवर बसते तिथे हलकं ठोकत जा. चांगलं लोखंड टणटणतं. पोकळ झालेलं थप्प असा आवाज देतं आणि खपली पडते. चासीला भोक असेल तर गाडी सोडा. ठिगळ लावून घेऊ, असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, निघून येतो.

पुराच्या गाड्या वेगळ्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर, २०२१ च्या जुलैत चिपळूण. तिथल्या बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून लांबच्या शहरांत विकल्या गेल्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा; आतल्या, कधी बाहेर न येणाऱ्या पट्ट्यावर गाळाची तपकिरी रेघ दिसेल. गालिचा उचला, वायरिंगच्या जोडांवर हिरवट बुरशीसारखं काही दिसतंय का बघा.

पाणी डिफरेन्शियलमध्येही जातं. तापलेला डिफ ओढ्याच्या गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरची नळी (डिफने हवा घ्यायची-सोडायची वाट) तुंबलेली असेल तर सीलमधून पाणी आत ओढलं जातं. दोन्ही डिफचे भरायचे बोल्ट उघडून करंगळी घाला. तेल मधासारखं असेल तर ठीक, काळं असेल तर बदलू, पण दुधाच्या चहासारखं निघालं तर बेअरिंगचा खर्च धरा. विकणारा बोल्ट उघडू देत नसेल तर उत्तर मिळालंच.

बाकीच्या चुका, थोडक्यात

दिल्लीची स्वस्त डिझेल गाडी. दहा वर्षांवरची डिझेल वाहनं तिथे चालवू न देण्याचा हरित लवादाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम ठेवला, म्हणून त्या इतक्या स्वस्तात इकडे येऊ लागल्या. एनओसी (ना हरकत पत्र), इथला कर, नाव बदलणं, सगळा हिशेब आपल्या आरटीओत विचारून मगच स्वस्त की महाग ते ठरवा. पंधरा वर्षांच्या जवळ आलेली गाडी असेल तर फेरनोंदणी आणि पर्यावरण कर त्यात धरा.

कर्ज फिटलंय असं तोंडी ऐकून पैसे देणं. फॉर्म ३५ (कर्जाचा बोजा उतरवायचा) आणि बँकेचं पत्र हातात घ्या. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या तुमच्यासमोर झाल्या पाहिजेत.

सैन्याच्या लिलावातली जिप्सी कागदांशिवाय घेणं. नको.

चासी नंबर आरसी पुस्तकाशी ताडून न बघणं. रॉकेलच्या फडक्याने पुसा आणि आकडे बोटाने चाचपा.

टायरची खोली बघणं आणि वय न बघणं. बाजूच्या चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष असतं. २३१७ म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. खाचा कितीही खोल असोत, तो टायर बदलायचाच. स्टेपनीही बघा.

झोपायची जागा न मोजणं. मी मापपट्टी घेऊन मागची सीट दुमडून खरंच आडवा होतो. जुन्या थार-जिप्सीत दोघांचं सामान बसलं की माणसाला जागा उरत नाही, आणि कापडी टपावर छताचा तंबू बसत नाही. दोघांनी गाडीतच झोपायचं असेल तर स्कॉर्पिओ बघा. चिखल-दगडांतच जास्त फिरायचं असेल तर पुढे-मागे दोन्ही डिफ लॉक (एक्सलची दोन्ही चाकं एकत्रच फिरवणारं कुलूप) असलेली गुरखा बघा. जिप्सी हलकी, साधी, कुठलाही मेकॅनिक उघडू शकतो अशी; पण लांबच्या प्रवासात पाठ दुखते हे मान्य करूनच घ्या.

सगळे पैसे गाडीतच घालणं. बजेट सहा लाखांचं असेल तर गाडी पाच लाखांची घ्या. तेलं, बुश, बेअरिंग, ब्रेक, बॅटरी, टायर यांत तो उरलेला लाख पहिल्या दोन महिन्यांत जातो. माझा शाफ्ट, दोन्ही क्रॉस आणि पुढच्या डिफची सीलं बदलून झाली तेव्हा मुलीच्या सायकलचे बाजूला ठेवलेले पैसेही त्यात गेले होते.

आणि घाई. "दुसरं गिऱ्हाईक संध्याकाळी येतंय" हे वाक्य मी प्रत्येक गाडीपाशी ऐकलंय. मी टोकन न देता घरी येतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला, न सांगता, पुन्हा जातो. आधी बॉनेटवर हात ठेवायचा. थंड असेल तर चावी मागायची, माणसाला मागे धुराकडे उभं करायचं आणि मग स्टार्टर मारायचा. बॉनेट कोमट लागलं, म्हणजे इंजिन आधीच तापवून ठेवलंय, तर मी चावी हातातही घेत नाही.