डोंगराच्या कडेचं पांढरं वलय कसं घालवलं

नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला सूर्यास्ताचे तीन एक्स्पोजर (एकाच दृश्याचे कमी-जास्त उजेडाचे फोटो) घेतले: एफ/८, आयएसओ १००, शटर १/५००, १/१२५ आणि १/३०. म्हणजे दोन-दोन स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). असे फोटो आपोआप एकत्र करणाऱ्या ऑटो एचडीआर मर्जने मात्र डोंगराच्या कडेला पांढरं वलय आलं आणि काठावरचं गवत दुहेरी दिसायला लागलं. तिथल्या वाऱ्याने गवत प्रत्येक फ्रेममध्ये वेगळ्या जागी होतं.

मग गिम्प या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये हाताने जोडलं. खाली मधली (१/१२५ ची) फ्रेम, तिच्यावर १/५०० ची. वरच्या लेयरला (थराला) मास्क, जो पांढरा असेल तिथे लेयर दिसतो आणि काळा असेल तिथे लपतो, आणि मास्कमध्ये मधल्याच फ्रेमची कृष्णधवल प्रत. आकाश तिथे पांढरं असल्याने गडद लेयर फक्त तिथेच उमटतो. मास्क थोडा ब्लर केला, नाहीतर ढग सपाट, राखाडी दिसतात. पण ब्लर कड्यावरून सांडला की वलय परत हजर! म्हणून मास्कवर लेव्हल्स या साधनाने काळं अधिक काळं, पांढरं अधिक पांढरं केलं आणि कड्यालगत मऊ काळ्या ब्रशने डोंगर झाकला. हे काम पडद्यावर फोटो दुप्पट झूम करूनच करावं.

गवतासाठी १/३० ची फ्रेम वापरलीच नाही. रॉ फाइल (कॅमेऱ्याचा प्रक्रिया न केलेला मूळ डेटा) असल्याने मधल्या फ्रेमचेच गडद भाग उजळले. किंचित नॉइज (दाणेदारपणा) आला, तो चालतो.