परसातील घाणेरी: ओळख आणि मुळासकट निर्मूलन

घराच्या परसात, शेताच्या बांधावर किंवा काही वर्षे मोकळ्या राहिलेल्या प्लॉटवर जे काटेरी, दाट आणि वर्षभर फुललेले झुडूप दिसते, ते बहुतेक वेळा घाणेरी असते. काही भागांत तिला टणटणी म्हणतात आणि रोपवाटिकेत ती लँटाना या नावाने विकली जाते. ही वनस्पती मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतील असून एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात शोभेचे झाड म्हणून ती कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात आणली गेली. तिथून ती देशभर पसरली आणि आज मेळघाटापासून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत तिची जाळी दिसते. जंगलातील घाणेरी काढणे हे एकट्यादुकट्याचे काम नव्हे, परंतु आपल्या अंगणातील घाणेरी प्रत्येकाला काढता येते. मात्र ती योग्य ठिकाणी तोडावी लागते. नुसती वरून छाटलेली घाणेरी पुढच्या पावसात एका फांदीच्या जागी अनेक धुमारे घेऊन उभी राहते, आणि अशी छाटणी करण्यापेक्षा झुडपाला हात न लावणे बरे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम ओळख पक्की करावी. घाणेरीच्या कोवळ्या फांदीवरून बोट फिरवल्यास ती गोल नसून चौकोनी असल्याचे जाणवते आणि तिच्या कडांवर मागे वळलेले लहान काटे असतात, जे कपड्यात अडकले की सहज सुटत नाहीत. पाने समोरासमोर, दंतुर कडांची आणि पॉलिश पेपरसारखी खरखरीत असतात. पान चुरगळल्यावर येणारा उग्र वास एकदा घेतला की विसरत नाही, त्यामुळे वीतभर उंचीचे, अजून न फुललेले रोपही या वासावरून ओळखता येते. फुलांचे गुच्छ लहान असतात आणि एकाच गुच्छात दोन-तीन रंग दिसतात, कारण कळी उमलताना पिवळे असलेले फूल पुढे नारिंगी, लाल किंवा गुलाबी होत जाते. फळे हिरवी, घोसात लागणारी आणि पिकल्यावर चकचकीत काळी-जांभळी होतात.

ही ओळख महत्त्वाची आहे, कारण घाणेरीच्या जाळीत अनेकदा आपली जुनी, उपयोगाची झुडपे अडकलेली असतात आणि साफसफाईच्या भरात तीही तोडली जातात. करवंदाचे काटे सरळ, टणक आणि बऱ्याचदा दुबेळक्याचे असतात, पाने गुळगुळीत असतात आणि पान तोडल्यावर पांढरा चीक येतो. निर्गुडीला काटे नसतात व तिचे पान तीन किंवा पाच पर्णिकांचे असते. ही झुडपे आढळल्यास त्यांना आधीच रंगीत कापडाची चिंधी बांधून ठेवावी, म्हणजे कामाला आलेल्या माणसांकडून चूक होणार नाही.

काम सुरू करण्यास सर्वांत चांगला काळ म्हणजे पावसाचे पहिले काही आठवडे, जेव्हा जमीन भिजून मऊ झालेली असते आणि नवी फळे अजून पिकलेली नसतात. झुडपावर काळी फळे असतील तर प्रथम फक्त तीच घोसासकट कापून गोणपाटात भरावीत, नाहीतर तोडताना ती जमिनीवर झडून पुढच्या वर्षीची पेरणी आपल्याच हातून होते. पूर्ण बाह्यांचे जाड कपडे, चामड्याचे हातमोजे आणि गमबूट आवश्यक आहेत. जाळीत शिरण्यापूर्वी लांब काठीने ती सर्व बाजूंनी झोडपून थोडा वेळ थांबावे. अशा दाट, सावलीच्या जागी घोणस आणि कोकणात फुरसे दडून बसते, म्हणून न दिसणाऱ्या ठिकाणी हात घालू नये. बुलबुल किंवा होल्याचे अंड्यापिल्लांचे घरटे दिसल्यास तेवढे झुडूप पिल्ले उडेपर्यंत राहू द्यावे.

आता मुख्य काम. घाणेरी काढायची म्हणजे तिचे मूळ खोलवर खणून काढायचे असा समज आहे आणि त्या कष्टाच्या धास्तीने पुष्कळ लोक कोयत्याने छाटून मोकळे होतात. प्रत्यक्षात नवे धुमारे खोलवरच्या मुळातून फुटत नाहीत. ते खोड आणि मूळ जिथे जुळतात त्या जमिनीलगतच्या जाडसर गड्ड्यातून फुटतात. दिल्ली विद्यापीठातील सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात याच गोष्टीवर आधारलेली पद्धत वापरली आणि ती परसातही तितकीच उपयोगी पडते. झुडपाच्या फांद्या कोयत्याने कापून गुडघाभर उंचीचे खुंट शिल्लक ठेवावे, कारण पुढे पकडण्यासाठी ते लागतात. खुंटाभोवतीची माती कुदळीने किंवा टिकावाने बाजूला करून मुख्य मूळ उघडे करावे आणि जमिनीच्या पातळीखाली साधारण ३ ते ५ सेंटिमीटरवर ते कुऱ्हाडीने किंवा कुदळीच्या धारदार पात्याने पूर्ण तोडावे. मग खुंट धरून गड्डा उचलावा आणि तो मुळाची बाजू वर राहील असा उलटा ठेवावा. सरळ ठेवलेला गड्डा ओल्या मातीला टेकला की पुन्हा रुजू शकतो, उलटा ठेवलेला सुकून जातो. जमिनीत राहिलेले मूळ हळूहळू कुजते आणि तोवर माती धरून ठेवते. उतारावरच्या किंवा बांधावरच्या जागेसाठी हा मोठाच फायदा आहे, कारण तिथे सगळे खणून काढले तर पहिल्याच जोरदार सरीत माती वाहून जाते. तशा जागी एकदम सगळे साफ न करता पट्ट्यापट्ट्याने काम करावे.

जमिनीवर लोळलेल्या फांद्यांकडे अनेकांचे दुर्लक्ष होते. त्या जिथे मातीला टेकतात तिथे मुळे धरतात आणि मूळ झुडूप गेल्यावर स्वतंत्रपणे वाढतात, म्हणून प्रत्येक फांदीचा शेवटपर्यंत माग काढून तिची रुजलेली टोके उपटावीत.

तणनाशकाची गरज नाही. विहीर, भाजीचे वाफे आणि लहान मुले असलेल्या परसात ते न आणलेलेच चांगले. जाळण्यानेही काम होत नाही, कारण आग वरवरचा भाग खाते आणि गड्ड्यातून पुन्हा फूट येते. फळे नसलेल्या वाळलेल्या काटक्या चुलीला किंवा तात्पुरत्या कुंपणाला वापरता येतात. फळांचे गोणपाट मात्र खतखड्ड्यात टाकू नये, ती फळे पूर्ण वाळवून जाळावीत.

तोडलेला हिरवा पाला जनावरांच्या वाटेत पडू देऊ नये. ताज्या घाणेरीला गुरे सहसा तोंड लावत नाहीत, पण चाऱ्याची टंचाई असताना किंवा पाला इतर गवतात मिसळला गेल्यास ती खातात. तिच्यातील विषामुळे यकृताला इजा होते, कावीळ होते आणि ऊन लागताच नाकपुड्या, कान व फिक्या रंगाची कातडी सोलवटते. अशी लक्षणे दिसताच जनावर सावलीत बांधून पशुवैद्यकाला बोलवावे. मुलांनी हिरवी फळे खाल्ल्यास घरगुती उपाय करत न बसता दवाखाना गाठावा.

एका हंगामात परस मोकळे दिसू लागले तरी मातीत पडलेले बी काही वर्षे जिवंत राहते आणि जागा उघडी होऊन ऊन पोहोचले की ते जोमाने उगवते. म्हणून मोकळी झालेली जमीन त्याच पावसाळ्यात भरून टाकावी. तोवर पालापाचोळ्याचा जाड थर पसरावा. कुंपणासाठी करवंद लावावे, गुरांचा त्रास असेल तर अडुळसा किंवा निर्गुडी लावावी, कारण या दोन्हींना गुरे सहसा खात नाहीत. घाणेरीवर फुलपाखरे येतात म्हणून ती ठेवणाऱ्यांची भावना मी समजू शकतो, परंतु तीच गरज लाल फुलांचा देशी बकोरा आणि खुळखुळा उत्तम भागवतात. शोभेसाठी रोपवाटिकेतून नवी लँटाना आणू नये, कारण तिचे सगळेच प्रकार वांझ नसतात.

पुढील दोन-तीन वर्षे पाऊस सुरू झाल्यावर एकदा आणि तो ओसरताना एकदा परसात फेरी मारावी. बुलबुल आणि साळुंक्या फळे खाऊन जिथे बसतात, तिथे म्हणजे तारांखाली, कुंपणाच्या खांबांशी आणि मोठ्या झाडांच्या बुंध्याजवळ नवी रोपे हमखास सापडतात. ओल्या मातीतून ती हाताने मुळासकट निघतात. शेजारच्या जागेत घाणेरी असेल तर त्यांच्याशी बोलून ती फळे धरण्यापूर्वी एकाच आठवड्यात दोन्हीकडचे काम उरकावे.