घरात टीबीचा रुग्ण आणि मूल ठणठणीत? या चुका टाळा

“पण त्याला कुठे खोकला आहे?” घरात कुणाला फुप्फुसाचा टीबी निघाला आणि मुलांनाही तपासायला आणा म्हटलं, की हा प्रश्न हमखास येतो. बाकीच्या चुका निस्तरता येतात. ही मात्र महाग पडते, म्हणून आधी तिच्याबद्दल.

टीबीचा जंतू शरीरात शिरणं वेगळं आणि टीबीचा आजार होणं वेगळं. मोठ्या माणसात हा जंतू वर्षानुवर्षं दबून राहतो, बहुतेकांना आजार कधीच होत नाही. लहान मुलांचं तसं नसतं. पाच वर्षांखालच्या, त्यातही दोन वर्षांखालच्या मुलांमध्ये संसर्गाचा आजार व्हायला फार वेळ लागत नाही; झालाच तर बहुधा संसर्गानंतरच्या पहिल्या वर्षभरात होतो. टीबीवर औषधंच नव्हती त्या काळातल्या नोंदी पाहिल्या, तर संसर्ग झालेल्या एक वर्षाखालच्या बाळांपैकी जवळपास निम्मी आजारी पडलेली दिसतात. या वयात जंतू रक्तावाटे मेंदूच्या आवरणापर्यंत पोचण्याची भीतीही जास्त. म्हणजे खोकल्याची वाट पाहण्यात जातो तो नेमका गोळ्यांनी आजार टाळता येण्याचा काळ.

म्हणून घरातल्या मोठ्या माणसाचं निदान झालं की त्याच आठवड्यात घरातली सगळी मुलं तपासून घ्या. दिवसभर याच घरात सांभाळायला असणारं नात्यातलं मूलही त्यात धरा. ते बहुतेक वेळा राहून जातं.

“बीसीजी टोचलंय की”

बीसीजी 1921 पासून वापरात आहे आणि तान्ह्या बाळांना मेंदूच्या व अंगभर पसरणाऱ्या टीबीपासून ती चांगलं संरक्षण देते. पण रोज शेजारी झोपणाऱ्या रुग्णाकडून होणारा संसर्ग ती खात्रीने अडवत नाही. लस दिलेल्या मुलालाही तपासणी आणि प्रतिबंधक औषध दोन्ही लागतं.

हातावरच्या चाचणीवर विसंबणं

त्वचेवरची चाचणी निगेटिव्ह आली की घरचे निश्चिंत होतात. संसर्गानंतर ही चाचणी पॉझिटिव्ह व्हायला आठ आठवड्यांपर्यंत वेळ लागू शकतो. कुपोषित मुलात ती फसवी निगेटिव्हही येते. रुग्णाच्या घरातल्या पाच वर्षांखालच्या मुलाला आजार नसल्याची खात्री झाली, की या चाचणीवाचूनही प्रतिबंधक औषध सुरू करता येतं. चाचणीची सोय नाही म्हणून औषध लांबवायचं कारण नाही.

आजार आहे की नाही हे न पाहता गोळ्या सुरू करणं

ही उलट बाजूची चूक, आणि तीही गंभीर. प्रतिबंधासाठी एकच किंवा दोनच औषधं दिली जातात. मुलाला टीबीचा आजारच असेल तर एवढी औषधं अपुरी पडतात आणि उरलेले जंतू त्या औषधांना दाद देईनासे होतात. म्हणून आधी चार गोष्टी विचारायच्या: दोन आठवड्यांहून जास्त खोकला आहे का, ताप रेंगाळतोय का, वजन थांबलंय किंवा घटलंय का, खेळणं कमी झालंय का. यातली वजनाची गोष्ट सगळ्यात दुर्लक्षित. मागच्या नोंदी काढून बघा, डोळ्यांच्या अंदाजावर जाऊ नका. यातलं काहीही असेल तर एक्स-रे आणि पुढच्या तपासण्या हव्यातच. लहान मुलं बडखा थुंकत नाहीत, गिळतात; त्यामुळे “थुंकी मिळाली नाही” एवढ्यावर थांबू नये. जठरातलं पाणी नळीने काढून किंवा शौचाच्या नमुन्यावरही तपासणी करता येते.

ताटवाटी वेगळी, खिडकी बंद

टीबी भांड्यांतून पसरत नाही, हवेतून पसरतो. तरी घरोघर ताटं वेगळी होतात आणि गार वारा लागेल म्हणून खिडक्या मात्र बंदच असतात. खिडक्या उघडा, रुग्णाला मास्क द्या, उपचाराच्या सुरुवातीच्या काळात मुलाला त्याच खोलीत झोपवू नका. आईलाच टीबी असेल तर दूध तोडू नका. तिने मास्क लावून पाजावं, स्वतःचे उपचार चालू ठेवावेत. बाळाला आजार नाही ना हे पाहून त्याला प्रतिबंधक औषध द्यावं, आणि बीसीजी दिलेली नसेल तर ती कधी द्यायची हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

गोळ्या सुरू झाल्यावरच्या अडचणी

सहा महिने रोज आयसोनियाझिड, तीन महिने रोज आयसोनियाझिड व रिफाम्पिसिन, किंवा आयसोनियाझिड व रिफापेंटिनच्या आठवड्यातून एकदा अशा 12 मात्रा, असे पर्याय आहेत. वय, वजन आणि चालू असलेली इतर औषधं पाहून डॉक्टर निवडतात. एचआयव्हीची औषधं चालू असतील तर ते आधीच सांगा.

लघवी केशरी-लाल झाली तर घाबरू नका, तो रिफाम्पिसिनचा रंग. डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात, भूक पार गेली, पोट दुखू लागलं तर मात्र गोळी थांबवून त्याच दिवशी दाखवा. मात्रा चुकली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट देऊ नका. मूल गोळी थुंकत असेल तर पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या मागून बघा. मुलाचं वजन वाढलं की मात्राही बदलावी लागते. ती महिनोन्महिने तीच राहिलेली सर्रास दिसते.

रुग्णाचा टीबी औषधांना दाद न देणारा असेल तर यातलं नेहमीचं औषध मुलाला पुरणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2024 पासून अशा मुलांसाठी सहा महिने लेव्होफ्लोक्सासिनची शिफारस केली आहे. तेव्हा मुलाला नेताना रुग्णाचा रिपोर्ट सोबत घ्या. आणि कोर्स संपल्यावर पुढे घरात दुसऱ्या कुणाला टीबी निघाला, तर “याला एकदा दिलंय” म्हणून सोडू नका. संसर्ग पुन्हा होऊ शकतो, तपासणीही पुन्हा करायची.