वेडी बाभूळ तोडली तरी फुटत होती, ती अशी थांबली

सांगोल्याकडची आमची वीस गुंठे मुरमाड पड वहितीखाली आणायची होती. दगड वेचून झाले, पण वेडी बाभूळ हटेना. जमिनीबरोबर तोडली, तर महिन्यात एकेका बुंध्याला सात-आठ धुमारे. बुंध्यावर पाचोळा पेटवला, तरी फुटली. जेसीबी लावला, तर खोडं वरच मोडली आणि गड्डे आत राहिले. दोन वर्षं यात गेली, नुसता वैताग.

हिचे फुटव्याचे डोळे जमिनीखाली असतात, खोड आणि मूळ जुळतं त्या फुगीर गड्ड्यावर. तो निघाला की खालचं मूळ फुटत नाही.

चांगला पाऊस होऊन वापसा आल्यावर (माती ओलसर, पण चिकट नाही अशी झाल्यावर) फांद्या छाटल्या, खोड मात्र कमरेएवढं ठेवलं. हलवायला तीच दांडी. भोवती दोन फुटांवरून टिकावाने गोल खणलं. आडवी मुळं कुऱ्हाडीने तोडली. मग हाताने माती सारून गड्डा उघडा केला, लहान पोराच्या डोक्याएवढा भरला. त्याच्या खाली, जमिनीपासून सव्वा फुटावर सोटमूळ कापलं. (इथे जुनीच कुऱ्हाड घ्या, दगडावर बसते.) शेवटी दगडाचा टेकू देऊन पहारेने उचकटला. खड्डे तीन आठवडे उघडे ठेवले. गड्ड्याचा भाग राहिलेल्या दोन ठिकाणी कोंब दिसले, तिथे पुन्हा खणलं.

निघालेले दगड उताराला आडवे रचून ताल, म्हणजे दगडी बांध, घातली. शेळ्या अजून आत सोडत नाही. शेंगा खाऊन येतात आणि लेंड्यांतून बी पडतं.