५जीचा वेग की दिवसभर टिकणारी बॅटरी? फोन घेताना या चुका टाळा

नागपूरच्या महाल भागात माझं मोबाइल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. मागच्या उन्हाळ्यात हिंगण्याच्या एमआयडीसीत कामाला जाणारा एक मुलगा काउंटरवर आला. फोन जेमतेम चार महिन्यांचा.

"दादा, बॅटरी बदलवून द्या. सकाळी शंभर करून निघतो, चार वाजता वीसवर येऊन जाते. फोनच खराब निघाला."

बॅटरी तपासली, ठणठणीत होती. मग मी सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन', त्यात 'सिम स्टेटस' उघडलं आणि सिग्नल स्ट्रेंग्थचा आकडा पाहिला. दुकानात ५जीवर उणे ८८ डीबीएम, म्हणजे चांगला. (डीबीएम हे सिग्नलची ताकद मोजायचं माप. उणे आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल चांगला.) त्याला सांगितलं, "उद्या दुपारी कंपनीत हाच स्क्रीन उघड आणि मला स्क्रीनशॉट पाठव." दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत स्क्रीनशॉट आला. ५जीच, पण आकडा उणे ११७.

हे मोजमाप साध्या बेरजेचं नाही. दर १० डीबीएमला सिग्नलची ताकद दहापट बदलते. ८८ ते ११७ हा २९ चा फरक म्हणजे त्याच्या टिनाच्या शेडमध्ये पोचणारा सिग्नल माझ्या दुकानातल्यापेक्षा जवळपास ८०० पट अशक्त होता. टॉवरचा आवाज इतका बारीक आला की फोनलाही आपला आवाज चढवावा लागतो. सर्वसाधारण फोन जास्तीत जास्त २३ डीबीएम, म्हणजे २०० मिलिवॅट ताकदीने सिग्नल बाहेर फेकू शकतो. ऐकायला हे थोडं वाटतं, पण तेवढं बाहेर पडण्यासाठी आतला अ‍ॅम्प्लिफायर बॅटरीतून त्याच्या कितीतरी पट वीज ओढतो. टॉवर जवळ असला तर हाच फोन याच्या शंभराव्या हिश्श्यात काम भागवतो. त्या मुलाचा फोन आठ तास खिशात बसून ओरडत होता, दुसरं काही नाही.

मी त्याला ड्युटीच्या वेळात नेटवर्क ४जीवर ठेवायला सांगितलं. तिथे ४जीचा आकडा उणे १०१ येत होता. त्या संध्याकाळी सात वाजता घरी पोचताना त्याच्या बॅटरीत ४८ टक्के शिल्लक होते. नवी बॅटरी मी विकली नाही.

हा प्रसंग मुद्दाम आधी सांगितला. फोन घेताना लोक '५जी हवा की बॅटरी हवी' असा सरळ सौदा मनात धरतात, आणि बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात. बॅटरी खातो तो वेग नाही. अशक्त सिग्नल धरून ठेवण्याची धडपड बॅटरी खाते.

चूक: ५जीला सरसकट दोष देणं

चांगल्या सिग्नलमध्ये ५जी बॅटरी वाचवतोसुद्धा. एक जीबीचा सिनेमा उतरवायचा आहे असं समजा. ४जीवर रेडिओ दहा-बारा मिनिटं जागा राहतो. चांगल्या ५जीवर तेच काम अर्ध्या-एक मिनिटात आटोपतं आणि मोडेम (फोनचा नेटवर्कशी बोलणारा भाग) झोपी जातो. म्हणून मोठ्या फाइली, सिस्टमचे अपडेट, फोटोंचा बॅकअप ५जीचा सिग्नल चांगला असेल तिथे उरकावा. दिवाळीच्या आठवड्यात बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, ४जीचे टॉवर गर्दीने गुदमरतात, तेव्हाही ५जी कामाला येतो.

पण रोजच्या कामाला एवढ्या वेगाची गरज नसते. यूट्यूबवरचा फुल एचडी व्हिडिओ ५ एमबीपीएसमध्ये सुरळीत चालतो, फोर-केला साधारण २० लागतात. व्हॉट्सअ‍ॅप आणि यूपीआयला तर त्याच्या पासंगालाही वेग लागत नाही. ४जीवर वीस-पंचवीस एमबीपीएस मिळत असेल तर ३०० ने तुमच्या दिवसात काय बदलणार, हे स्वतःला एकदा विचारा.

चूक: दुकानात वेग पाहून फोन घेणं

बर्डीतल्या शोरूममध्ये उभं राहून स्पीड टेस्ट केली की आकडा डोळे दिपवतो. तिथे टॉवर जवळ आहेत. तुम्ही राहता मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये तिसऱ्या माळ्यावर, नाहीतर कळमन्याच्या गोदामात दिवस काढता, नाहीतर रोज उमरेडला ये-जा करता. फोनला आयुष्य तिथे काढायचं आहे.

म्हणून आधी आकडा बघा, फोन नंतर. घरातल्या कुणाकडे किंवा शेजाऱ्याकडे ५जी फोन असेल, तर तुमच्याच कंपनीचं सिम असलेल्या त्या फोनवर तीन जागी सिग्नल स्ट्रेंग्थ पाहा. झोपायची खोली, कामाची जागा आणि रोजचा रस्ता. काही अँड्रॉइड फोनवर डायल पॅडमध्ये *#*#४६३६#*#* टाकलं तरी हा आकडा दिसतो. उणे ९० च्या आत असेल तर निश्चिंत राहा. १०० च्या पलीकडे ओढाताण सुरू होते. ११० च्या पुढे ५जी चालू ठेवून बॅटरीची अपेक्षा करू नका. स्क्रीनवरच्या सिग्नलच्या काड्यांवर विसंबू नका, प्रत्येक कंपनी त्या आपल्या हिशेबाने दाखवते.

सिग्नल घरात का मरतो, हेही ध्यानात घ्या. आपल्याकडे ५जीचा मुख्य पट्टा (बँड, म्हणजे सिग्नलच्या लहरींची ठरावीक श्रेणी) ३३०० मेगाहर्ट्झचा आहे. तो वेग भरपूर देतो, पण स्लॅब, जाड भिंती आणि धातू यांच्यापुढे लवकर हात टेकतो. ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा भिंतींतून बराच आत शिरतो. २०२२ च्या लिलावात तो जिओने घेतला. नागपूरच्या घरात आणखी एक भिंत असते, जी कुणी मोजत नाही. मार्च सरला की खोलीच्या एकुलत्या एका खिडकीत आपण लोखंडी कूलर बसवतो. सिग्नल येण्याचा सगळ्यात सोपा रस्ता पत्र्याने बंद होतो. उन्हाळ्यात घरातला फोन अचानक जास्त उतरू लागला, तर एकदा कूलरच्या खोलीत आणि मग दाराजवळ आकडा पाहा.

चूक: वर '५जी' लिहिलंय म्हणजे ५जी चालू आहे असं समजणं

एअरटेलने ६ ऑक्टोबर २०२२ ला देशातल्या ज्या पहिल्या आठ शहरांत ५जी सुरू केला, त्यात नागपूर होतं. ती सुरुवात नॉन-स्टँडअलोन पद्धतीची. यात फोन ४जीचा हात धरूनच ५जीवर जातो, त्यामुळे डेटा चालू असताना त्याला दोन्ही रेडिओ सांभाळावे लागतात आणि वीज थोडी जास्त जाते. जिओने पहिल्यापासून स्टँडअलोन निवडलं. त्यात फोन फक्त ५जीवर उभा असतो.

नॉन-स्टँडअलोनमध्ये कधी कधी फोन रिकामा बसलेला असतो, ४जीवरच असतो, तरी वर ५जीचं चिन्ह झळकतं. टॉवर फक्त एवढंच कळवत असतो की इथे ५जी मिळू शकतो. त्यामुळे निव्वळ चिन्ह पाहून दोष ठरवू नका.

खरेदीच्या वेळी याचा एक फटका बसू शकतो. काही अगदी स्वस्त ५जी फोन फक्त स्टँडअलोनवर चालतात. २०२४ च्या शेवटी आलेला रेडमी ए४ ५जी तसाच होता. एअरटेलच्या नॉन-स्टँडअलोन नेटवर्कवर तो ५जी पकडत नव्हता. खोक्यावर ५जी, खिशात ४जी. बिल करण्याआधी दुकानदाराला दोन गोष्टी विचारा: फोन एसए (स्टँडअलोन) आणि एनएसए (नॉन-स्टँडअलोन) दोन्हीवर चालतो का, आणि बँडच्या यादीत एन७८ (वर सांगितलेला ३३०० चा पट्टा) आणि एन२८ (७०० चा) आहेत का. त्याला सांगता आलं नाही, तर कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलचं स्पेसिफिकेशन उघडून तिथेच बघा. जुना ५जी फोन सेकंडहँड घेताना तर हे पाहायलाच हवं.

चूक: '४जी फोन घ्या, बॅटरी टिकते'

आईबाबांसाठी फोन घेताना हा सल्ला हमखास मिळतो, आणि मला तो मनापासून चुकीचा वाटतो. बाजारात उरलेल्या बऱ्याच स्वस्त ४जी फोनांत जुन्या घडणीची चिप असते. हेलिओ जी८५ ही १२ नॅनोमीटरची, युनिसॉक टी६०६ ही तशीच. उलट स्नॅपड्रॅगन ४ जेन २ ही ५जी चिप ४ नॅनोमीटरची आहे. घडण जितकी बारीक, म्हणजे नॅनोमीटरचा आकडा जितका लहान, तितकं तेच काम कमी विजेत होतं. म्हणजे नव्या चिपचा ५जी फोन घ्यावा, त्यात नेटवर्क ४जीवर ठेवून द्यावं आणि दोन वर्षांनी गरज पडली तर ५जी उघडावा. बॅटरीही टिकते, फोनही लवकर जुना होत नाही. ४जीच घ्यायचा असेल तर निदान हेलिओ जी९९ सारखी ६ नॅनोमीटरची चिप बघा.

चूक: फक्त एमएएच मोजणं

एमएएच म्हणजे बॅटरीची क्षमता. ५००० की ६००० हा प्रश्न चुकीचा नाही, अपुरा आहे. १२० हर्ट्झवर (सेकंदाला १२० वेळा चित्र बदलत) धावणारी स्क्रीन आणि उन्हात पूर्ण चढवलेला ब्राइटनेस नेटवर्कपेक्षा जास्त खाऊ शकतात. दुसरं सिम अशक्त नेटवर्कचं असेल तर तेही दिवसभर टॉवर शोधत बसतं. वापरात नसेल तर सेटिंग्जमधून बंद ठेवा, काढायची गरज नाही. आणि 'पॉवर बँक आहे ना' म्हणून लहान बॅटरीचा फोन घेत असाल, तर १०००० एमएएचच्या पॉवर बँकेतून फोनला प्रत्यक्षात सहा-साडेसहा हजारच मिळतात. बाकीचे व्होल्टेज बदलण्यात आणि उष्णतेत जातात.

नागपूरचं ऊन

इथे जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त बॅटऱ्या मी मे-जूनमध्ये बदलतो.

लिथियम बॅटरीचा खरा शत्रू उष्णता आहे. अ‍ॅपल आयफोनसाठी वापराचं तापमान ० ते ३५ अंश सांगतं. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा ४५ च्या आसपास जातो. त्यात डिलिव्हरीची पोरं फोन बाइकच्या हँडलला उन्हात लावतात, नकाशा चालू, ब्राइटनेस पूर्ण, ५जी चालू, आणि खाली चार्जरही जोडलेला. अशा वेळी फोन स्वतःला वाचवायला चार्जिंग थांबवतो, स्क्रीन मंद करतो, ५जी सोडून ४जीवर येतो. मग तक्रार येते, "दादा, फोन स्लो होऊन राहिला." फोन स्लो झालेला नसतो, तापलेला असतो. असे फोन मी उघडतो तेव्हा बॅटरी उशीसारखी फुगलेली असते आणि स्क्रीनची कड वर आलेली असते. फुगलेली बॅटरी दाबू नका, टोचू नका, फोन चार्जिंगला लावू नका. थेट दुरुस्तीला आणा.

ज्यांचं काम रस्त्यावरचं आहे त्यांनी उन्हाळ्यात नेटवर्क ४जीवर ठेवावं, नकाशा आधी डाउनलोड करून घ्यावा आणि गाडीवर चार्जिंग टाळावं. चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय आता बऱ्याच फोनांत असते, ती मार्च ते जून चालू ठेवा. तापलेला फोन फ्रिजमध्ये किंवा कूलरच्या पाण्याच्या झोतासमोर ठेवू नका, आत ओल धरते. कव्हर काढा, सावलीत पंख्याखाली ठेवा, पुरे.

दोष नेमका कुणाचा? तीन रात्रींची परीक्षा

नवा फोन असेल तर पहिले सात-आठ दिवस निकाल देऊ नका. त्या काळात तो फोटो लावत असतो, अ‍ॅप अपडेट करत असतो, बॅकअप घेत असतो. त्यानंतर ही परीक्षा करा. यासाठी कुठलंही अ‍ॅप लागत नाही.

पहिल्या रात्री वाय-फाय बंद, डेटा चालू आणि नेटवर्क ५जीवर ठेवा. आयफोनमध्ये 'व्हॉइस अँड डेटा'त '५जी ऑटो', अँड्रॉइडमध्ये 'प्रेफर्ड नेटवर्क टाइप'मध्ये ५जी. झोपताना टक्केवारी लिहा, उठल्यावर पुन्हा लिहा. दुसऱ्या रात्री सगळं तसंच, फक्त ४जी. तिसऱ्या रात्री फ्लाइट मोड. तिन्ही रात्री फोन त्याच जागी ठेवा.

माझ्या अनुभवात सात तासांत तीन ते पाच टक्के गेले तर काळजीचं कारण नाही. पहिल्या रात्री पंधरा गेले आणि दुसऱ्या रात्री चार, तर तुमच्या खोलीत ५जी अशक्त आहे. घरी ४जी ठेवा, बाहेर हवं तेव्हा ५जी उघडा. पहिल्या दोन्ही रात्री जास्त आणि तिसऱ्या रात्री कमी गेले, तर दोन्ही नेटवर्क कच्चे असू शकतात, नाहीतर एखादं अ‍ॅप रात्रभर डेटा ओढत असेल. 'बॅटरी युसेज'मध्ये कोण वर आहे ते पाहा. नेटवर्कच वर असेल आणि घरात वाय-फाय असेल, तर वाय-फाय कॉलिंग सुरू करा. रात्री फ्लाइट मोड लावून फक्त वाय-फाय चालू ठेवलं तरी ज्या कंपनीचं सिम ही सोय देतं, त्यावर फोन येतात.

आणि फ्लाइट मोडमध्येही दहा-बारा टक्के जात असतील, तर नेटवर्क निर्दोष आहे. एकदा सेफ मोडमध्ये (यात तुम्ही टाकलेली अ‍ॅप बंद राहतात) तीच रात्र काढा. तरीही उतरली तर बॅटरी किंवा बोर्ड तपासायला आणा, आणि येताना तिन्ही रात्रींचे आकडे कागदावर लिहून आणा. माझा अर्धा तास वाचतो आणि तुमचे नको त्या बॅटरीचे पैसे.