रविवारच्या लग्नाला सोमवारपासून: मेंदी-निळीची तयारी

घरात रविवारी लग्न आहे आणि कानशिलांवरचे पांढरे झाकायचे आहेत, तर मेंदी-नीळ शनिवारी रात्री कालवायला घेऊ नका. या कामाचा हिशेब मागून पुढे मांडावा लागतो. नीळ धुतल्यावर केस लगेच काळे दिसत नाहीत, हिरवट-निळसर दिसतात, आणि हवा लागून रंग मुरायला एक-दोन दिवस जातात. म्हणजे लावायचं गुरुवारी, मेंदी भिजवायची बुधवारी रात्री, आणि हातावर चाचणी सोमवारी. गुरुवारी रजा मिळणार नसेल तर सरळ आदला रविवार धरा. चार-पाच तास मोडतातच.

आधी खरेदी. खांद्यापर्यंतच्या केसांना साधारण १०० ग्रॅम मेंदी आणि तेवढीच नीळ लागते. फक्त मुळं करायची तर निम्म्यात भागतं. मेंदी राजस्थानातल्या सोजतची नावाजलेली, २०२१ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण गावापेक्षा पाकिटामागचं बारीक अक्षर महत्त्वाचं. ‘काळी मेंदी’ असं लिहिलेल्या बऱ्याच पुड्यांत पीपीडी हे रसायन असतं, म्हणजे तो कलपच, हिरव्या पाकिटातला. नुसती मेंदी काळा रंग देतच नाही, देते तांबूस-केशरी. काळं करते ती नीळ, आणि ही नीळ म्हणजे कपड्यांना घालायची नीळ नव्हे, हे मुद्दाम सांगते, कारण विचारणारे भेटले आहेत. केसांची नीळ म्हणजे निळीच्या झाडाच्या पाल्याची पूड. ती दिसायला हिरवी असते आणि भिजवल्यावर ओल्या पालेभाजीसारखा वास येतो. पूड मुळातच निळीभोर असेल तर ती डोक्याला लावू नका.

सोमवारी चिमूटभर मेंदी आणि चिमूटभर नीळ वेगवेगळी कालवून कोपराच्या आतल्या बाजूला लावा, धुऊन टाका आणि ४८ तास वाट पाहा. खाज, पुरळ आलं तर बेत रद्द. घरात कुणाला जी-सिक्स-पीडीची (तांबड्या पेशींना जपणाऱ्या एका विकराची) जन्मजात कमतरता असेल तर त्यांनी मेंदीपासून लांबच राहावं, तिने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू शकतात. त्याच दिवशी कंगव्यात आलेले पांढरे केस गोळा करून ठेवा. त्यांची छोटी जुडी बांधून आधी तिच्यावर मेंदी, मग नीळ करून बघितलं की डोक्यावर काय होणार ते कळतं. पुढे कधी पार्लरमध्ये केस फिकट करून घ्यायचा विचार असेल तर नीळ लावण्याआधी थांबा. निळीवर ब्लीच केलं की हिरवी छटा राहू शकते.

बुधवारी केस नुसत्या शाम्पूने धुवा. तेल नाही, कंडिशनर नाही. आपल्याकडे रोज सकाळी चमचाभर खोबरेल चोपडायची सवय असते आणि ती इथे आड येते. तेलकट केसावर रंग बसत नाही. रात्री लोखंडी कढईत मेंदी, दोन चमचे आवळा पूड आणि कोमट केलेलं चहाचं पाणी घालून दह्यासारखं दाट कालवा. दही मी घालत नाही, अंडं तर अजिबात नाही, तो वास तीन दिवस जात नाही. झाकून आठेक तास ठेवा. उन्हाळ्यात चार-पाच पुरतात.

नीळ मात्र रात्री भिजवायची नाही. मी पहिल्यांदा एका कढईत दोन्ही एकत्र भिजवून झोपले आणि सकाळी लावून लालभडक होऊन बसले. आत्या म्हणाली, “अगं, नीळ शिळी चालत नाही.” पाल्यातला रंग पाण्यात सुटला की हवेशी लागून भांड्यातच निळा होऊन बसतो, मग तो केसात शिरत नाही.

गुरुवारी सकाळी सगळं हाताशी घ्या, कारण एकदा हात बरबटले की कपाट उघडता येत नाही. जुना गाऊन, फेकायच्या लायकीचा टॉवेल, रबरी हातमोजे दोन जोड, रुंद ब्रश, प्लास्टिकची टोपी, जमिनीवर वर्तमानपत्र. कपाळाच्या कडेला, कानांवर आणि मानेवर व्हॅसलीन फासा. आणि पाणी! दोन वेळा खळखळून डोकं धुवायचं आहे, तर नळाची वेळ बघून दोन बादल्या आधी भरून ठेवा. सर्दी असेल तर हा दिवसच टाळा; मेंदी डोक्याला थंड पडते.

कानशिलं आणि भांगापासून सुरुवात करा, तिथले पांढरे केस सगळ्यात हट्टी. मेंदी दोन-तीन तास ठेवून साध्या पाण्याने काढा. केस केशरी दिसतील, घाबरायचं नाही. केस निथळत असतानाच नीळ कोमट पाण्यात चिमूटभर मीठ घालून कालवा, १०-१५ मिनिटं थांबा, वरचा थर काळपट-निळा होऊ लागला की लगेच लावायला घ्या आणि अर्ध्या तासात संपवा. लिंबू, चहा, आवळा यातलं काही तिच्यात घालू नका. टोपी घालून तासभर, फार तर दीड तास. काळ्याऐवजी तपकिरी हवे असतील तर दोन टप्पे न करता भिजलेल्या मेंदीत ताजी नीळ ऐनवेळी मिसळून एकदाच लावा.

धुताना शाम्पू नाही, पुढचे दोन दिवसही नाही. मोरीच्या फरशीवर लगेच पाणी ओता, डाग वाळला की घासत बसावं लागतं. उशीला जुना अभ्रा. उरलेली नीळ टाकून द्या. उरलेली मेंदी मात्र डब्यात भरून फ्रीझरमध्ये महिनाभर ठेवता येते. डब्यावर नाव लिहा. आमच्याकडे ‘हे’ तिला कोथिंबिरीची चटणी समजून थालीपिठाबरोबर घेऊन बसले होते.